बॅकअप रिस्टोअर केला, आता संगणक सुरूच होत नाही. दिवाळी अंक अडकलाय, मदत हवी आहे

जुळारी | रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी गिरगावात घरूनच डीटीपीची कामं करते. सध्या एका दिवाळी अंकाची जुळणी चालू आहे. १६० पानं, म्हणजे १६ पानी १० फॉर्म. त्यातले सहा झालेत, चार बाकी आहेत आणि छापखान्याला शुक्रवारी सकाळी पीडीएफ हव्यात.

माझा पीसी आठेक वर्षांचा, विंडोज १०. १ टीबीची हार्ड डिस्क गेल्या महिन्यापासून कटकट आवाज करत होती. म्हणून रविवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली. सोमवार आणि मंगळवार जुन्याच डिस्कवर काम केलं. आज लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) आणली आणि पीसी तिथेच नेऊन बसवून घेतली. घरी येऊन बॅकअप प्रोग्रामच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, नवी डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) केली आणि तिच्यावर सी ड्राइव्ह रिस्टोअर केला. शंभर टक्के झालं, 'यशस्वी' असंही आलं. पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं, तर मशीन सरळ बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या, पानावर जाऊन थांबतं. विंडोजचं चिन्हसुद्धा दिसत नाही.

घाबरून नव्या डिस्कऐवजी जुनी निवडून बघितली. तीही सुरू होत नाही! काल रात्री दीडपर्यंत तिच्यावरच काम केलं होतं. मी तिला हातही लावलेला नाही. आता काय करू?

---

शेवटची_लोकल | रात्री ११.३१

रॅम काढून, खोडरबराने पाय पुसून परत बसवा. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर हेच करावं लागतं.

---

बोरकूट | रात्री ११.३८

बायोसचं पान दिसतंय म्हणजे रॅम ठीक आहे, लोकलदादा. रॅम सैल असती तर पडदा काळा राहिला असता किंवा बीप वाजले असते.

जुळारीताई, बायोसमध्ये दोन्ही डिस्कची नावं दिसतात का? काही मदरबोर्डांवर एम.२ ची (एनव्हीएमई बसते ती) खाच भरली की साटाचं (जुन्या डिस्कच्या केबलचं) एखादं पोर्ट आपोआप बंद होतं. जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टात असेल तर ती गायब होते. केबल शेजारच्या पोर्टात घातली की परत येते.

---

जुळारी | रात्री ११.४७

दोन्ही दिसतात. नवीही, जुनीही.

---

खाडीकाठ | रात्री ११.५५

बूटरेकच्या (विंडोज सुरू होण्याचा भाग दुरुस्त करणाऱ्या) आज्ञा चालवा. आधी फिक्स एमबीआर, मग फिक्स बूट, मग रिबिल्ड बीसीडी. माझं दोनदा याच्यावर निभावलंय.

---

रात्रपाळी | रात्री १२.१०

ताई, थांबा. आत्ता कुठलीही आज्ञा चालवू नका. सोमवार-मंगळवारचं काम फक्त जुन्या डिस्कवर आहे, बॅकअपमध्ये नाही. तिच्यावर काहीही लिहिलं जाता कामा नये. रिस्टोअरचा प्रोग्राम परत उघडायचा नाही, विंडोजने 'डिस्क दुरुस्त करू का' विचारलं तरी नाही म्हणायचं.

मी एका रुग्णालयाच्या संगणक विभागात रात्रपाळी करतो. असं काही झालं की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: रिस्टोअरखेरीज आज आणखी काय बदललं? नवी डिस्क सुरू न होण्याचं कारण रिस्टोअरमध्ये असू शकतं. पण जुनीला कुणी हात लावला नाही आणि तरी ती सुरू होत नाही, तर तिचं कारण वेगळं आहे. हे दोन आजार आहेत. एकत्र बघायला गेलात तर दोन्ही सापडणार नाहीत.

दुकानात डिस्क बसवताना त्यांनी आणखी काही केलं का? आणि बायोसच्या पानावर तारीख काय दिसते?

---

जुळारी | रात्री १२.१८

तारीख चुकीची आहे! कितीतरी वर्षांपूर्वीची दिसते. आणि हो, दुकानातल्या मुलाने मदरबोर्डवरचा गोल सेल बदलला. 'जुना झालाय ताई, आत्ताच टाकून घ्या' म्हणाला. मला ते चांगलंच वाटलं.

---

रात्रपाळी | रात्री १२.३२

मग जुन्या डिस्कचं उत्तर मिळालं. त्याने सेल बदलला यात वावगं काही नाही, तो सीआर२०३२ सेल कधीतरी बदलावाच लागतो. पण सेल काढला की बायोसची सगळी मांडणी मूळपदावर जाते. तुमचं विंडोज बहुधा जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर (जीपीटीच्या आधीची पद्धत) टाकलेलं आहे. तशी डिस्क सुरू व्हायला बायोसमध्ये सीएसएम किंवा लेगसी (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) चालू असावं लागतं. मूळपदावर गेल्यावर ते बंद झालं असणार आणि बोर्ड आता फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या डिस्क शोधतोय. जुनी डिस्क त्याला दिसते, पण तिच्यावरून सुरुवात कशी करायची ते त्याला कळत नाही.

असं करा. बायोसच्या 'बूट' विभागात आधी सिक्युअर बूट बंद करा, मग सीएसएम चालू करा. काही बोर्डांवर पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं हलतच नाही. तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर नंतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेची सूचना देत बसेल. साटा मोडही (डिस्कशी बोलायची पद्धत) बघून घ्या, एएचसीआय आहे की रेड. तूर्त फक्त बघा, बदलू नका. मग सेव्ह करून जुन्या डिस्कवरून सुरू करा.

---

अबोली | रात्री १२.४०

वाचतेय. ताई, होईल सगळं नीट. शुक्रवारला अजून वेळ आहे.

---

जुळारी | रात्री १.०५

सुरू झालं!! जुन्या डिस्कवरून विंडोज आलं. मंगळवारच्या सगळ्या फायली जागेवर आहेत. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. माझे हात अजून थरथरतायत.

---

रात्रपाळी | रात्री १.०९

छान. आता झोपायच्या आधी एकच काम करा. सोमवार-मंगळवारच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि मशीन बंद करा. आवाज करणारी डिस्क उगाच फिरवत ठेवू नका.

---

तुळसवृंदावन | सकाळी ८.१५

आत्ता सगळं वाचलं. मी मुलुंडला एका शाळेची लॅब सांभाळते. माझं मत जरा वेगळं आहे. रिस्टोअरच्या मागे लागू नका. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाका, फायली आणा आणि कामाला लागा. आठ वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर का न्यायचा? शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज ना उद्या बदलावं लागणारच आहे.

---

जुळारी | सकाळी ८.४०

वृंदावनताई, तुमचं म्हणणं पटतं, पण माझी अडचण फॉन्टची आहे. हा अंक युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत) नाही. संपादक गेली कित्येक वर्षं त्याच जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवतात. ते सॉफ्टवेअर यूएसबीच्या डाँगलवर (परवान्याची छोटी कळ) चालतं आणि त्याची इन्स्टॉलेशनची सीडी आता माझ्याकडे नाही. फॉन्ट नसेल तर 'दिवाळी'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शुक्रवारपर्यंत मला आहे तेच विंडोज, आहे तसंच हवं आहे.

---

ठिपका | सकाळी ९.०२

मी दादरला हेच काम करतो. जुळारीताईंशी शंभर टक्के सहमत. अंकाच्या मध्यावर यंत्रणा बदलायची नाही. फॉन्टची आवृत्ती जरा वेगळी निघाली तरी जोडाक्षरं हलतात आणि ओळी सरकतात. तपासून झालेले सहा फॉर्म परत डोळ्यांखालून घालावे लागतील.

फॉन्टबद्दल एक गोष्ट सांगतो. सगळ्यांना वाटतं फॉन्ट म्हणजे विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट फक्त चालू वापरकर्त्यापुरताही टाकता येतो. तो त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या फोल्डरात जाऊन बसतो. मी मागे फक्त मोठं फोल्डर कॉपी केलं होतं. तीन फॉन्ट राहून गेले आणि एका कवितासंग्रहाची मुखपृष्ठाची ओळ बिघडली. दोन्ही ठिकाणचे घ्या.

---

तुळसवृंदावन | सकाळी ९.२०

डाँगल आणि फॉन्टचं लक्षात आलं नव्हतं. मग रिस्टोअरच बरोबर. माझी सूचना दिवाळीनंतरसाठी ठेवा.

---

बोरकूट | सकाळी १०.०५

आता नव्या डिस्कचं बघू. ताई, रिस्टोअर करताना फक्त सी ड्राइव्हवर खूण केली होती ना? त्याच्या आधी 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचा लहानसा भाग होता का?

---

जुळारी | सकाळी १०.१२

होता. काहीशे एमबीचा. त्यात माझं काही नाही असं वाटून सोडून दिला.

---

बोरकूट | सकाळी १०.४४

तिथेच गोम आहे. विंडोज सुरू करणारी फाइल सी ड्राइव्हमध्ये नसते, त्या लहान भागात असते. बीसीडी म्हणतात ती यादीही तिथेच. विंडोज कुठल्या डिस्कवर, कुठल्या भागात आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या नव्या डिस्कवर घर आहे, पण दाराची किल्ली जुन्या घरात राहिली.

पण आता तो जुना लहान भाग आणूनही उपयोग नाही, कारण तो लेगसी पद्धतीचा आहे. नवी डिस्क जीपीटी आहे, आणि एनव्हीएमई डिस्कवरून बहुतेक बोर्ड यूईएफआय पद्धतीनेच सुरू होतात. तिला सुरुवातीच्या फायलींसाठी ईएफआयचा वेगळा भाग लागतो, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. तो आपण नव्याने करू. खाडीकाठ यांनी सांगितलेलं फिक्स एमबीआर इथे लागू पडत नाही. यूईएफआयने सुरू होताना एमबीआरमधला तो कोड वापरलाच जात नाही. आणि फिक्स बूट चालवलं की पुष्कळदा 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं आणि माणूस तिथेच तासभर अडकतो.

---

खाडीकाठ | सकाळी १०.५०

मान्य. माझी दोन्ही मशीनं जुनी होती, लेगसीवाली. म्हणून तिथे चाललं.

---

पाचपाखाडी | सकाळी ११.१०

दुसराही रस्ता आहे. बॅकअपमधून अख्खी डिस्क जशीच्या तशी एमबीआर म्हणून रिस्टोअर करायची आणि मग विंडोजचंच एमबीआरटूजीपीटी चालवायचं. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी करतं आणि ईएफआयचा भागही तयार करतं. अट एवढीच की डिस्कवर प्राथमिक भाग तीनपेक्षा जास्त नकोत.

---

बोरकूट | सकाळी ११.१८

बरोबर आहे, पण ताईंची मूळ डिस्क १ टीबीची आणि नवी ५०० ची. अख्खी डिस्क उतरवताना भाग लहान करत बसावं लागेल. सी आधीच नीट उतरलाय, तर तोच वापरू.

---

रात्रपाळी | दुपारी १२.०५

उठलो. बोरकूट यांचं निदान बरोबर आहे. ताई, दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवून घ्या, ८ जीबीचा पुरतो. मग जुन्या डिस्कची केबल काढा. हे विसरू नका. चुकून चुकीची डिस्क निवडली जायची भीतीच उरत नाही.

सुरू करताना बूट मेनूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसेल. ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलंय तेच घ्या. भाषा निवडायचं पान आलं की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे डिस्कपार्ट टाइप करा. मग लिस्ट व्हॉल्यूम. विंडोजचा भाग कुठल्या अक्षराने दिसतो ते कागदावर लिहा. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर सी हा सीच असेल असं नाही, कधी डी होतो. तो भाग निवडून श्रिंक डिझायर्ड बरोबर ३००. मग क्रिएट पार्टिशन ईएफआय, साइज बरोबर २६०. मग फॉरमॅट क्विक, एफएस बरोबर फॅट३२. मग असाइन लेटर बरोबर एस. एक्झिट.

आता मुख्य आज्ञा. बीसीडीबूट, मोकळी जागा, विंडोजचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज, मोकळी जागा, सरळ तिरकी रेघ एस, मोकळी जागा, एस कोलन, मोकळी जागा, सरळ तिरकी रेघ एफ, मोकळी जागा, यूईएफआय. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेन ड्राइव्ह काढून सुरू करा.

ऑफिसचा लॅपटॉप असता तर बिटलॉकरचंही (डिस्क कुलूपबंद करायची विंडोजची सोय) विचारलं असतं. बायोसमध्ये बदल केला की ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. तुमच्या पीसीवर ते चालू नसावं, नाहीतर काल रात्रीच विचारलं असतं.

---

कलिनाकर | दुपारी १.३०

जुळारी हे नाव वाचून थांबलो. ताई, घरात कुणी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचं का?

---

जुळारी | दुपारी १.४२

हो काका, माझे बाबा. खाडिलकर रोडजवळच्या एका छापखान्यात होते. बोटांची टोकं कायम काळी असायची. उलट्या ओळी ते आपण सरळ वाचतो त्यापेक्षा भरभर वाचायचे. एकदा जुळवलेलं अख्खं पान हातातून सांडलं, तेव्हा रात्रभर बसून खिळा न् खिळा वेचून परत खणात घातला होता. काल रात्री मला सारखं तेच आठवत होतं.

---

कलिनाकर | दुपारी २.१५

आमच्या वडिलांचा जॉबवर्कचा ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) होता, म्हणून विचारलं.

आता बॅकअपवर आलोच आहे तर माझंही सांगतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमचं घर तळमजल्यावर. पीसी पाण्यात गेला, त्याचं फार वाईट वाटलं नाही. पण दर महिन्याला नेमाने काढलेल्या बॅकअपच्या सीड्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात होत्या. चिखलाने माखल्या, ओरखडे पडले, एकही वाचता आली नाही. मुलीच्या बारशाचे फोटो त्यात होते.

तेव्हापासून तीन-दोन-एक पाळतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत बहिणीकडे डोंबिवलीला असते. दर भाऊबीजेला आणि राखीला डिस्कची अदलाबदल होते.

---

अबोली | दुपारी २.२२

भाऊबीजेला डिस्क! ओवाळणीच्या ताटात ठेवता का काका? :)

---

कलिनाकर | दुपारी २.३०

ताटाच्या शेजारी. कुंकू लागायला नको म्हणून.

---

जुळारी | संध्याकाळी ६.५०

पुढे सरकलं, पण अडलं. सगळ्या आज्ञा नीट झाल्या. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरले आणि निळा पडदा. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दोनदा तेच. जुनी डिस्क काढलेलीच आहे.

---

रात्रपाळी | संध्याकाळी ७.०४

निळा पडदा आला ही प्रगती आहे, ताई. आता बोर्डला विंडोज सापडतंय. विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. तुमचं विंडोज आयुष्यभर साटा डिस्कवर चाललं, त्यामुळे एनव्हीएमईचा ड्रायव्हर त्याच्याकडे आहे, पण सुरुवातीलाच उठायची त्याला सवय नाही. सेफ मोडमध्ये विंडोज हे सगळे मूळ ड्रायव्हर उठवतं. एकदा सेफ मोडने आत गेलात की पुढच्या वेळी तो ड्रायव्हर आपणहून चालू होतो.

पेन ड्राइव्हवरून परत काळी खिडकी. बीसीडीएडिट, मोकळी जागा, सरळ तिरकी रेघ सेट, मोकळी जागा, महिरपी कंसात डिफॉल्ट, मोकळी जागा, सेफबूट, मोकळी जागा, मिनिमल. रीस्टार्ट करा. आत गेल्यावर एमएसकॉन्फिग उघडून 'बूट' टॅबमधली सेफ बूटची खूण काढा, नाहीतर दर वेळी सेफ मोडच येईल. आणि पिन न चालल्यास खात्याचा पासवर्ड लागेल, तो आधी आठवून ठेवा.

---

पाचपाखाडी | संध्याकाळी ७.२०

आत गेल्यावर लगेच जुनी डिस्क जोडू नका. माझ्या भावाच्या मशीनवर पहिल्या वेळी दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. विंडोज नव्या डिस्कवरून सुरू झालं, पण सी हे अक्षर जुन्या डिस्कलाच चिकटलेलं. कुठलं अक्षर कुणाचं ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) लिहिलेलं असतं आणि ती नोंद बॅकअपबरोबर आलेली असते. लॉगिननंतर निळा कोरा पडदा, ना आयकॉन ना टास्कबार. अर्धं विंडोज इकडचं, अर्धं तिकडचं. ते निस्तरायला दोन रात्री गेल्या.

---

जुळारी | रात्री ८.३५

सेफ मोड आला. खूण काढली, रीस्टार्ट केलं आणि माझा डेस्कटॉप आला. तोच गणपतीचा फोटो, त्याच फायली! डाँगल लावला, सॉफ्टवेअर उघडलं. सातवा फॉर्म उघडला आणि एकही जोडाक्षर हललेलं नाही. पेन ड्राइव्हवरचं सोमवार-मंगळवारचं काम जागेवर टाकलं. रात्रपाळी, बोरकूट, ठिपका, पाचपाखाडी, सगळ्यांचे मनापासून आभार. आता बसते कामाला.

---

ठिपका | रात्री ८.४१

फॉर्मची पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालेत (पीडीएफच्या आतच बसलेत) का ते प्रत्येक वेळी बघा. रात्रभर लागलं तर आवाज द्या, मी जागाच आहे. दोन फॉर्मची मुद्रितं वाचून देऊ शकतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

---

शेवटची_लोकल | रात्री ११.१५

एक शंका आहे. मीही दर महिन्याला इमेज घेतो, पण रिस्टोअर कधी करून बघितलेली नाही. अंगावर काटा आला हे वाचून. चालू मशीनवर न करता ती कशी तपासायची?

---

रात्रपाळी | रात्री ११.४०

तीन गोष्टी करा. इमेज घेताना प्रोग्राममधली व्हेरिफायची खूण चालू ठेवा. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. दुसरं, इमेज माऊंट करून (ड्राइव्हसारखी उघडून) तिच्यातली एखादी जुनी, मोठी फाइल उघडून बघा. तिसरं, बचावाचा पेन ड्राइव्ह आजच बनवा आणि एकदा त्याच्यावरून मशीन सुरू करून बघा. तुमची आतली आणि बाहेरची डिस्क त्याला दिसते का एवढंच बघायचं आणि बंद करायचं. आणि इमेज घेताना सगळ्या लहान भागांवरही खूण करा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

---

शेवटची_लोकल | रात्री ११.४४

फोटोचं आत्ताच करतो.

---

जुळारी | शुक्रवार, सकाळी ९.३०

दहावा फॉर्म आत्ता छापखान्यात गेला. नवव्यात ठिपका यांनी पकडलेल्या दोन चुका संपादकांच्याही नजरेतून सुटल्या होत्या.

जुनी डिस्क कपाटात ठेवली आहे, वर तारीख आणि 'पुसू नये' असं लिहून. नव्या डिस्कची इमेज काल रात्री घेतली, या वेळी सगळ्या भागांची. तिची एक प्रत घेऊन दुपारी मावशीकडे विरारला निघाले आहे.

---

कलिनाकर | शुक्रवार, सकाळी ९.४८

अंक बाजारात आला की सांग गं. दोन प्रती ठेव माझ्यासाठी, एक डोंबिवलीला जाईल.